बोअरची मोटार काढताना आणि सोडताना घ्यावयाची खबरदारी

होळी झाली की चंद्रपूर-गडचिरोलीकडे बोअरमधील मोटारी वर काढण्याचे काम सुरू होते. पाण्याची पातळी खाली जाते, मोटार कोरडी चालते आणि वाइंडिंग जळते. शेतकरी असो, हॉटेलवाला असो की रंगाईवाला, प्रत्येकाला काम आजच्या आज हवे असते. या घाईतच हात मोडतात आणि जीवही जातात.

आम्ही कापडाचे व्यापारी, मेकॅनिक नाही. परंतु रंगाई-धुलाईच्या धंद्याला पाणी लागते, म्हणून बोअरशी आमचा संबंध नेहमीचा. शिवाय वाइंडिंग, वेल्डिंग आणि फिटिंगची कामे करणारे अनेक कारागीर आपल्याच मोहल्ल्यातील आहेत. काम देणारा आणि काम करणारा, दोघांनाही उपयोगी पडेल अशी माहिती येथे देत आहोत.

प्रथम वजनाचा हिशेब

सव्वा इंची लोखंडी पाइप २० फुटांचा येतो. त्याचे वजन १८-१९ किलो भरते. मोटार २०० फुटांवर असेल तर असे १० पाइप झाले. पंपाचा वॉल्व्ह चांगला असेल तर पाइपातील सुमारे ६० लिटर पाणी खाली उतरत नाही, ते वजनही ओढावे लागते. मोटार व पंप मिळून २५-३० किलो. एकूण भार पावणेतीनशे किलोच्या घरात जातो. हे काम चार माणसांच्या हातांवर आणि एका दोरावर सोपवणे म्हणजे जुगार खेळणे होय. तिपाई आणि चेनकप्पी लावूनच मोटार काढावी. तिपाईचे पाय घट्ट जमिनीवर असावेत. काळ्या मातीत पायांखाली लाकडी फळ्या द्याव्यात आणि तिन्ही पाय साखळीने एकमेकांना बांधावेत.

क्लॅम्पच्या दोन जोड्या हव्यातच. एक जोडी केसिंगच्या तोंडावर पाइप धरून ठेवते, दुसरी वर उचलते. वरच्या क्लॅम्पने पूर्ण भार घेतल्याची खात्री झाल्याशिवाय खालचा क्लॅम्प सैल करू नये. क्लॅम्प आणि केसिंग यांच्यामध्ये बोटे घालू नयेत.

लाइट गेली म्हणजे लाइन बंद झाली असे नाही

शेतीची थ्री फेज लाइट ठरलेल्या तासांनाच येते. म्हणून पुष्कळांनी स्टार्टरला ऑटो स्विच लावलेला असतो. लाइट आली की मोटार आपोआप सुरू होते. अशा वेळी कोणाचा हात वायरवर असेल तर काय होईल, हे सांगायला नको. म्हणून मेन स्विच बंद करून फ्यूज काढावेत आणि ते काम करणाऱ्याने स्वतःच्या खिशात ठेवावेत. त्यानंतर टेस्टरने तपासून मोटारीची केबल स्टार्टरपासून सोडवावी. सिंगल फेज पेटीतील कपॅसिटरमध्ये लाइन तोडल्यावरही करंट राहतो, त्याला उघडा हात लावू नये.

आता दुर्गम गावांत सौर पंप आले आहेत. तेथे वेगळी गोष्ट ध्यानात ठेवावी. ऊन आहे तोवर प्लेटांमधून वीज येतच राहते. कंट्रोलर बंद केला तरी प्लेटांकडून येणारी वायर जिवंत असते. प्लेटांच्या बाजूचा स्विच तोडल्याशिवाय तेथे हात घालू नये.

काम सुरू करण्यापूर्वी एकदा वर बघावे. २० फुटी लोखंडी पाइप उभा झाला की तो विजेच्या तारेपर्यंत सहज पोहोचतो. पाइप उभा करताना किंवा तिपाई कलंडली तर ती तारेला लागेल, अशी जागा असल्यास महावितरणला सांगून लाइन बंद करून घ्यावी. तोपर्यंत कामाला हात लावू नये.

दोर कोणता घ्यावा

या विषयावर आम्ही आमच्या धंद्याच्या अनुभवाने बोलू शकतो. सुती दोर आणि सुतळी पाण्यात कुजते, ती बोअरमध्ये कामाची नाही. नायलॉन मजबूत खरा, पण भिजल्यावर त्याची ताकद सुमारे दहा ते पंधरा टक्के कमी होते. पॉलीप्रॉपिलीन पाणी पीत नाही, मात्र ऊन त्याला खाते. बोअरच्या तोंडाशी जो दोराचा तुकडा वर्षानुवर्षे उन्हात राहतो, तोच आधी तुटतो. कोणत्याही दोराला गाठ मारली की त्याची ताकद निम्म्यापर्यंत उतरू शकते. म्हणून मध्ये जोडलेला दोर वापरू नये. आणि एक पक्के समजावे की दोर हा पाइप निसटल्यावर मोटार वाचवण्यासाठी असतो, भार ओढण्यासाठी नव्हे. केबलने तर मोटार कधीच उचलू नये.

मोटार अडकली तर

वरोरा, भद्रावती, बल्लारपूर, राजुरा या कोळशाच्या पट्ट्यात रेतीचा खडक आहे. तेथे केसिंग खोलवर नसेल तर बोअर ढासळते, रेती भरते आणि मोटार फसते. ब्रह्मपुरी, नागभीड आणि गडचिरोलीकडे खडक कठीण आहे. तेथे केसिंग वरच्या मातीपुरतेच असते आणि खाली उघड्या खडकाला मोटार घासते. मोटार फसली की काही जण ट्रॅक्टर लावून ओढतात. दोर तुटला की तो चाबकासारखा उलटतो. त्याऐवजी थोडे खाली, थोडे वर असे सावकाश हलवावे. पाइप फिरवायचाच तर आटे आवळण्याच्या दिशेने फिरवावा, नाहीतर खालचा जोड सुटतो.

मोटार सोडताना

आधी दोरीला वजन बांधून बोअरची खोली आणि पाण्याची पातळी मोजावी. मोटार तळाला टेकवू नये, १०-२० फूट वर ठेवावी, पण उन्हाळ्यातही ती पाण्यात बुडालेली राहिली पाहिजे. पाण्याने भरण्याची मोटार असेल तर स्वच्छ पाणी भरूनच सोडावी. केबलचा जोड आधी रबर टेपने, मग वरून दुसऱ्या टेपने गुंडाळावा. तो बादलीभर पाण्यात बुडवून मेगरने तपासावा. प्रत्येक पाइपाला केबल दोन ठिकाणी बांधावी, ताणून बांधू नये. अर्थिंग आणि गळती होताच लाइन तोडणारा स्विच यांत कंजुषी करू नये.

उघडे बोअर

जुलै २००६ मध्ये हरियाणातील कुरुक्षेत्र जिल्ह्यात प्रिन्स नावाचा लहान मुलगा उघड्या बोअरमध्ये पडला. तो वाचला, परंतु पुढे अनेक मुले वाचली नाहीत. सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये याबाबत नियम घालून दिले. बोअरच्या तोंडाला पोलादी झाकण नट-बोल्टने बसवावे, पंप दुरुस्तीला नेला असतानाही बोअर उघडे ठेवू नये, आणि निकामी बोअर तळापासून जमिनीपर्यंत माती, रेती, दगडांनी भरावे, असे ते सांगतात. मोटार वाइंडिंगला गेली की चार-आठ दिवस नुसते पोते टाकून ठेवण्याची आपल्याकडे सवय आहे. पोते मुलाचे वजन पेलत नाही.

शेवटी व्यवहाराची गोष्ट. या कामाची मजुरी सहसा ठेक्याने ठरते. ठेका कमी केला की कारागीर एक माणूस कमी आणतो, तिपाई घरी ठेवतो आणि घाई करतो. म्हणून काम देणाऱ्याने तिपाई, चेनकप्पी आणि पुरेशी माणसे यांचे पैसे वेगळे धरून द्यावेत आणि त्यांत घासाघीस करू नये. कारागिरांनीही सामानाशिवाय काम घेऊ नये, गिऱ्हाईक दुसरीकडे गेले तरी चालेल. जळालेली मोटार पुन्हा भरता येते, पण घरातील कमावता हात गेला तर त्याची भरपाई कोणत्याही बिलात होत नाही.