बादली खाली ठेव, आधी शिकून घे!

म्हैसूरच्या गोकुलम भागात माझी मावसबहीण राहते. झाडांच्या सावलीतले शांत रस्ते, कोपऱ्यावर शहाळीवाला, आणि खांद्यावर गुंडाळलेली चटई घेऊन योगवर्गाला निघालेले गोरे पाहुणे. अशा ठिकाणी काही अघटित घडेल असं कुणाच्या मनातही येत नाही. पण आग काही पत्ता विचारून येत नाही.

त्या संध्याकाळी ताईनं वडे तळायला कढई ठेवली आणि दाराची बेल वाजली. टपालाचं पाकीट, सही, दोन वाक्यं गप्पा. परत येते तो कढईतलं तेल पेटलेलं! ज्वाळा खिडकीच्या पडद्यापर्यंत पोचलेल्या. मी न्हाणीघरातून धावत आले आणि दोघी मिळून फक्त ओरडलो. 'बेंकी, बेंकी' म्हणत निम्मी गल्ली दारात जमली. समोरच्या घरातला कॉलेजात शिकणारा मुलगा भरलेली बादली घेऊन थेट स्वयंपाकघरात शिरला. तेवढ्यात मागून खणखणीत आवाज आला, "नीरु बेडा!" म्हणजे, पाणी नको!

आवाज होता शेजारच्या सत्तरी उलटलेल्या गृहस्थांचा. गल्लीतली मुलं त्यांना 'ताता' म्हणतात. त्यांनी आधी रेग्युलेटर बंद केला. मग ओट्यावरची मोठी परात ढालीसारखी समोर धरत कढईवर सरकवली. ज्वाळा दबल्या. तेव्हा कुठे मुलाच्या हातातली बादली घेऊन पेटत्या पडद्यावर ओतली. सारं मिनिटभराचं काम. पुढे वीस मिनिटं त्यांनी ताईला परातीला हात लावू दिला नाही. तेल गरम असताना झाकण उचललं की हवा मिळून ते पुन्हा पेटतं, हे मला पन्नाशीत कळलं!

ती बादली कढईत पडली असती तर? पाणी तेलापेक्षा जड, ते तळाशी जातं, क्षणात वाफ होऊन फुगतं आणि पेटतं तेल चौफेर उडवतं. मदतीला धावलेला पोरगाच आधी भाजला असता.

ताता तरुणपणी नोकरी सांभाळून बरीच वर्षं होमगार्डमध्ये होते. चहा घेताना त्या मुलानं त्यांना विचारलं, "मलाही हे शिकायचंय. कुठे नाव नोंदवायचं?" प्रश्न साधा होता, पण आम्हा कुणालाच धड उत्तर देता येईना. पुण्याला परतल्यावर मी त्याच्या मागे लागले.

स्वयंसेवकांचं दल आहे कुठे?

परदेशात राहणाऱ्या आपल्या नातेवाइकांना या प्रश्नाचं नवल वाटेल. अमेरिकेत आगीशी लढणाऱ्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश स्वयंसेवक असतात. जर्मनीत त्यांची संख्या दहा लाखांच्या आसपास आहे. गावचा बेकरीवाला, शाळेतला मास्तर, बँकेतला कारकून भोंगा वाजला की हेल्मेट चढवून धावतात. पण त्याआधी ठरावीक तासांचं शिक्षण आणि परीक्षा. ती पार केल्याशिवाय पेटत्या घरात पाऊल टाकू देत नाहीत.

आपल्याकडे आग विझवणं हे पगारी दलाचं काम, अशी घडी बसली. कायद्यात मात्र स्वयंसेवकाला जागा आहे. कर्नाटकच्या १९६४ च्या फायर फोर्स कायद्यात गरज पडल्यास स्वयंसेवक नोंदवून साहाय्यक दल उभारण्याची तरतूद आहे. प्रत्यक्षात सामान्य माणसाला दोन-तीन दारं ठोठावावी लागतात.

पहिलं दार होमगार्डचं. ही संघटना जन्मली आपल्या मुंबईत, ६ डिसेंबर १९४६ रोजी. महाराष्ट्रात २० ते ५० वयाचा, दहावी उत्तीर्ण स्त्री-पुरुष त्यात येऊ शकतो. उंची मोजतात, धावायला लावतात. बंदोबस्त हे मुख्य काम असलं तरी प्रथमोपचार, बचाव आणि अग्निशमनाचे धडे तिथे मिळतात.

दुसरं दार नागरी संरक्षण दलाचं. १९६८ च्या कायद्याखाली चालणाऱ्या या दलाच्या बारा सेवांपैकी एक खास अग्निशमनाची आहे. अट किती साधी पाहा. वय १८ पूर्ण आणि शिक्षण किमान चौथी! युद्धकाळात बाँबमुळे लागणाऱ्या आगी मोहल्ल्यातच विझवायच्या, ही मूळ कल्पना. एकानं पायाखाली पंप दाबून धरत दट्ट्या मारायचा, दुसऱ्यानं नळी धरायची, तिसऱ्यानं बादल्यांनी पाणी पुरवायचं. १९७१ च्या ब्लॅकआउटच्या आठवणी असलेल्या घरांत हे अजून कुणीतरी सांगेल. मे २०२५ मध्ये देशभर नागरी संरक्षणाचे सराव झाले तेव्हा नव्या पिढीला हे दल असतं हे पहिल्यांदा कळलं.

तिसरं दार 'आपदा मित्र' योजनेचं. २०१६ मध्ये ३० पूरप्रवण जिल्ह्यांत ती सुरू झाली आणि पुढे ३५० जिल्ह्यांत एक लाख स्वयंसेवकांचं उद्दिष्ट ठरलं. १८ ते ४० वयाच्या निवडलेल्यांना १२ दिवसांचं प्रशिक्षण, प्रमाणपत्र, ओळखपत्र, साहित्याची पिशवी आणि विमाही. विमा हा शब्द मुद्दाम लिहिते आहे. स्वयंसेवकाच्या आईला सगळ्यात आधी तोच ऐकायचा असतो.

पण खऱ्या अर्थानं अग्निशमन केंद्राला जोडलेले स्वयंसेवक पाहायचे तर म्हैसूरहून घाट उतरून केरळात जावं. २०१८ च्या महापुरात तिथल्या कोळ्यांनी होड्या काढून माणसं वाचवली. सरकारनं धडा घेतला आणि प्रत्येक केंद्रामागे ५० याप्रमाणे १२४ केंद्रांसाठी ६,२०० नागरिकांचं दल अग्निशमन खात्याखालीच उभारलं. गणवेश, संचलन, सगळं रीतसर.

शिकवतात तरी काय?

सुरुवात एका त्रिकोणापासून. जळणारा पदार्थ, हवा आणि उष्णता. तिन्हींतलं एक काढून घेतलं की आग मरते. तातांची परात म्हणजे हवा तोडणं, रेग्युलेटर बंद करणं म्हणजे जळण तोडणं आणि पडद्यावरचं पाणी म्हणजे उष्णता काढून घेणं. नकळत तिन्ही धडे त्यांनी आमच्या स्वयंपाकघरात गिरवले होते.

मग आगीचे प्रकार. लाकूड-कापडाला पाणी चालतं, तेलाला चालत नाही, विजेच्या आगीत आधी मेन स्विच. गॅसची गळती पेटली असेल तर आधी पुरवठा बंद करायचा. नुसती ज्योत विझवली तर गॅस खोलीभर साठून स्फोट होतो. अग्निशामक नळकांडं कसं वापरायचं? पिन काढा, तोंड ज्वाळेच्या शेंड्याकडे नव्हे तर बुडाशी धरा, मूठ दाबा आणि डावी-उजवीकडे फिरवा. वाचायला सोपं आहे. पण धुरात, घामेजल्या हातांनी पिन काढताना बोटं चालत नाहीत, म्हणून सराव.

होज उलगडणं, गुंडाळणं, शिडी लावणं, दोराच्या गाठी, बेशुद्ध माणसाला खांद्यावर घेणं. धुरात उभं राहायचं नाही, जमिनीलगत सरपटायचं, कारण गरम विषारी धूर वर चढतो. आणि बंद दार उघडण्याआधी हाताच्या मागच्या बाजूनं चाचपायचं. गरम लागलं तर उघडायचं नाही. बंद खोलीत साचलेल्या तापल्या वायूंना हवा मिळाली की सारं एकदम भडकतं. माणसाला पळायलाही वेळ मिळत नाही.

इतकं शिकूनही स्वयंसेवकाला आत जायची मुभा नसते, हे नीट समजून घ्यायला हवं. त्याचं काम १०१ किंवा ११२ ला खबर देणं, माणसं बाहेर काढणं, बंबाला वाट करून देणं, गर्दी हटवणं, आग लहान असतानाच दाबणं. आतलं काम पूर्णवेळ जवानांचं. आणि तेही किती जीवघेणं! १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबई गोदीत 'फोर्ट स्टिकीन' जहाजाचा स्फोट झाला, त्यात अग्निशमन दलाचे ६६ जण गेले. म्हणून देशात १४ एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. ९ मे २०१५ रोजी काळबादेवीच्या 'गोकुळ निवास' इमारतीला आग लागली. तिथे कोसळलेल्या इमारतीनं संजय राणे, महेंद्र देसाई, सुधीर अमीन आणि दलप्रमुख सुनील नेसरीकर या चार अधिकाऱ्यांचा बळी घेतला. मुंबईतले अत्यंत अनुभवी लोक होते ते. मग चार दिवस शिकलेल्यानं आत घुसण्याचा हट्ट का धरावा?

म्हैसूरलाही आगीची आठवण जुनी आहे. १८९७ साली राजकन्येच्या लग्नसमारंभाच्या दिवसांत लाकडी राजवाडा जळाला. १९१२ मध्ये पुरा झालेल्या नव्या वाड्यात म्हणूनच दगड आणि ओतीव लोखंडाचे खांब दिसतात. २०१९ च्या फेब्रुवारीत जवळच्या बंदीपूरचं जंगल पेटलं तेव्हा वायुदलाच्या हेलिकॉप्टरांना पाणी टाकावं लागलं. स्वयंसेवकही धावले. त्याच जंगलात २०१७ मध्ये आग विझवताना एक वनरक्षक दगावला होता. जंगलात वारा फिरला की आग माणसापेक्षा जोरात पळते.

कागदाची किंमत

आता थोडं कटू. माझ्या एका भाच्यानं 'फायरमनचा कोर्स' म्हणून एका खासगी संस्थेत मोठी फी भरली. प्रमाणपत्र गुळगुळीत, सोनेरी शिक्क्याचं. भरतीच्या वेळी ते ग्राह्य नाही असं कळलं. होज त्यानं हातात धरला होता फक्त दोनदा, तोही फोटोसाठी. तेव्हा पैसे भरण्याआधी भरतीची जाहिरात काढून त्यात कोणत्या संस्थेचा अभ्यासक्रम मागितला आहे ते वाचावं. ज्याला हाच पेशा करायचा आहे त्याच्यासाठी राज्य सरकारचं मुंबईतलं प्रशिक्षण केंद्र आहे, नागपूरचं राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आहे. नागपूरच्याच हर्षिनी कान्हेकर २००२ साली या महाविद्यालयात शिरल्या तोवर तिथे एकही मुलगी शिकली नव्हती. मुलींचं काय, असं विचारणाऱ्या आयांना एवढं सांगितलं तरी पुरे. होमगार्ड, नागरी संरक्षण किंवा आपदा मित्रचं प्रमाणपत्र हा नोकरीचा परवाना नव्हे.

तर हे सगळं मी पत्रानं गोकुलमला कळवलं. समोरच्या मुलाची आई आधी तयार नव्हती. "एकुलता एक आहे हो," असं ताईजवळ म्हणाली. मग ताता स्वतः त्यांच्याकडे जाऊन बसले आणि आत घुसायचं नसतं, हे त्यांनी तिला दोनदा समजावलं. मुलानं होमगार्डच्या कार्यालयात अर्ज दिला आहे, बोलावणं यायचं आहे. तोवर संध्याकाळी ताता त्याला नारळाच्या झाडाला दोर बांधून गाठी शिकवतात. ताईचा फोन आला की मी आधी तेच विचारते. पहिली गाठ आता त्याला डोळे मिटून जमते. दुसरी अजून सुटते.