न दिसणाऱ्या कामाची मुकादमी

बंगळूर शहराच्या आग्नेय अंगाने सर्जापूर या गावाकडे जो रस्ता जातो, त्याचे नाव आज महाराष्ट्रातील पुष्कळ घरांत ओळखीचे झाले आहे. मुलगा किंवा सून ‘सर्जापूर रोडला’ नोकरीस आहे, असे नाशिकच्या वा सांगलीच्या घरी सहज सांगितले जाते. याच रस्त्यावर दोड्डकन्नळ्ळी येथे विप्रो कंपनीचे मुख्यालय आहे. कंपनीचा जन्म मात्र आपल्या खानदेशातला. १९४५ साली महंमद हाशम प्रेमजी यांनी जळगाव जिल्ह्यातील अमळनेर येथे ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ या नावाने वनस्पती तुपाची कंपनी काढली. विप्रो हे त्याच लांबलचक नावाचे आखूड रूप होय. १९६६ साली वडिलांच्या निधनानंतर २१ वर्षांचे अझीम प्रेमजी अमेरिकेतील शिक्षण अर्धवट टाकून परतले, आणि १९८० च्या सुमारास कंपनीने संगणकाच्या धंद्यात पाऊल टाकले. ही कथा अनेकदा सांगितली गेली आहे. धंदा बदलला तेव्हा माणसांवर देखरेख करण्याचे कामही मुळापासून बदलले, इकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही.

तेलाच्या कारखान्यात मुकादमाला काम डोळ्यांनी दिसत असे. पोती किती रिकामी झाली, डबे किती भरले, कोण दमला आणि कोण अंग चोरतो, हे कळण्यास त्याला कागदाची गरज नव्हती. संगणकाची आज्ञावली, म्हणजे आजच्या बोलीत ‘कोड’, लिहिणाऱ्याचे तसे नाही. तो दोन तास पडद्याकडे नुसता पाहत बसतो आणि तिसऱ्या तासाला दहा ओळी खोडतो. ते खोडणे हेच कदाचित त्या आठवड्यातले सर्वांत मोलाचे काम असते. उलट ज्याने दिवसभरात पाचशे ओळी लिहिल्या, त्याने पुढच्या वर्षाची दुखणी लिहून ठेवली नसतील असे सांगवत नाही. शेजारी उभे राहून यातले काहीच दिसत नाही.

जे मोलाचे आहे ते दिसत नाही, म्हणून जे दिसते तेच मोजण्याचा मोह होतो. किती तास बसला, किती वाजता आला, टाइमशीटमध्ये किती तास भरले, हे मोजता येते. ऑक्टोबर २०२३ मध्ये इन्फोसिसचे एक संस्थापक नारायण मूर्ती यांनी तरुणांनी आठवड्यास ७० तास काम करावे असे मत मांडले आणि देशभर वाद झाला. तास वाढविल्याने डबे अधिक भरतील. पण थकलेल्या मेंदूने केलेली चूक शोधण्यास दुसऱ्या दिवशीचे तास लागतात, हा हिशेब त्या वादात फारसा कोणी मांडला नाही.

हजेरीचीही तीच गोष्ट. नोव्हेंबर २०२३ पासून विप्रोने आठवड्यातून तीन दिवस कचेरीत येणे सक्तीचे केले. सहवासाने नवशिके शिकतात, त्यामुळे या नियमात तथ्य आहे. परंतु कचेरीपर्यंतचा रस्ताही ध्यानात घ्यावा लागतो. सप्टेंबर २०२५ मध्ये इब्लूर चौकातील वाहनांची कोंडी फुटावी म्हणून कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी प्रेमजींना पत्र लिहिले आणि सर्जापूर रोडवरील विप्रोच्या आवारातून काही वाहने जाऊ द्यावीत अशी विनंती केली. आवार खाजगी मालकीचे असून तेथील प्रवेशावर कायद्याचे निर्बंध आहेत, असे कळवून प्रेमजींनी ती नाकारली. मुख्यमंत्र्यांना पत्र लिहावे लागावे अशा रस्त्यावरून जो माणूस येतो, तो खुर्चीवर बसण्यापूर्वीच अर्धा खर्ची पडलेला असतो. हजेरीपुस्तकात त्याची नोंद नसते.

अविश्वासाला कारण नसतेच असेही नव्हे. सप्टेंबर २०२२ मध्ये विप्रोचे अध्यक्ष रिशद प्रेमजी यांनी सांगितले की, आपल्या कंपनीत असतानाच प्रतिस्पर्धी कंपन्यांचेही काम करणारे ३०० जण आढळले व त्यांना काढण्यात आले. त्यांचे कृत्य अप्रामाणिकपणाचे होते यात शंका नाही. तथापि मला त्यात दुसरेही एक दिसते. एक माणूस दोन मालकांची चाकरी करतो आणि त्याच्या निकटच्या वरिष्ठाच्या ते ध्यानात येत नाही, तर त्या वरिष्ठाला त्याचे काम ठाऊक तरी किती होते?

काम मागे पडले की आणखी माणसे लावावीत, हा गिरणीतला उपाय येथे उलटतो. फ्रेडरिक ब्रूक्स यांनी १९६० च्या दशकात आयबीएम कंपनीत एका प्रचंड आज्ञाप्रणालीचे काम पाहिले, आणि १९७५ च्या ‘द मिथिकल मॅन-मंथ’ या पुस्तकात तो अनुभव मांडला. उशीर झालेल्या कामावर नवी माणसे घातली की उशीर वाढतो, हा त्यांचा निष्कर्ष. कारण साधे अंकगणिताचे आहे. पाच माणसांना एकमेकांशी जुळवून घ्यायचे तर दहा जोड्या होतात. दहा माणसांच्या ४५ होतात, पन्नासांच्या १,२२५. शिवाय नव्याला शिकवावयाचे ते जुन्यांनीच, म्हणजे जे हात चालू होते तेच थांबवून.

मग या माणसांवर नेमला जातो तो कोण? बहुधा त्यांच्यातलाच, कोड उत्तम लिहिणारा. वयाच्या तिशीत तो ‘मॅनेजर’ होतो. चांगला गवई एका रात्रीत नाटक कंपनीचा व्यवस्थापक व्हावा, तसा हा प्रकार आहे. ज्या कामात त्याचा आत्मविश्वास होता ते सुटते, आणि ज्याचे शिक्षण कोणी दिले नाही ते गळ्यात पडते. न्यूयॉर्कला सकाळचे साडेनऊ होतात तेव्हा उन्हाळ्यात आपल्याकडे संध्याकाळचे सात व हिवाळ्यात आठ वाजलेले असतात. तिकडचे ग्राहक तेव्हा बोलू लागतात. तेथे तो ‘होय’ म्हणून येतो, आणि त्या होकाराची किंमत हाताखालच्यांनी रात्री फेडावयाची असते. चांगला मॅनेजर ओळखावयाचा तो येथे. काम मुदतीत होणार नाही हे त्याने ग्राहकाला आधीच सांगितले पाहिजे, आणि हाताखालच्याने ते त्याला निर्भयपणे सांगावे इतका त्याचा विश्वास संपादन केला पाहिजे. दर आठवड्यास प्रत्येकाशी अर्धा तास एकट्याने बोलण्याची रीत काही ठिकाणी आहे. हा खर्च वायफळ वाटतो, पण न दिसणारे काम दिसण्याची तीच एक खिडकी आहे.

वार्षिक मूल्यमापन हा सर्वांत दुखरा भाग. ‘बेल कर्व्ह’ नावाच्या पद्धतीत दहांच्या गटात काही थोड्यांना उत्तम आणि एकदोघांना कनिष्ठ ठरवावेच लागते, मग दहाही जण चांगले का असेनात. शेजाऱ्याला मदत केली तर आपणच खाली जाऊ, ही भीती त्यातून पोसली जाते. मायक्रोसॉफ्टने २०१३ साली अशी सक्तीची प्रतवारी सोडून दिली. आम्ही सरकारी नोकरांनी यावर हसण्याचे कारण नाही. आमचे गोपनीय अहवाल नावाप्रमाणेच गोपनीय होते; प्रतिकूल शेरा तेवढा कळविला जाई. सीमा रस्ते संघटनेतील एका अभियंत्याला ‘चांगला’ असा शेरा मिळाला होता. बढतीला ‘फार चांगला’ लागत होता, आणि हे त्याला कोणी कळविले नव्हते. २००८ साली देव दत्त खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक शेरा संबंधितास कळविलाच पाहिजे असा निर्णय दिला. खाजगी कंपन्यांवर तो निर्णय बंधनकारक नाही.

श्रोत्यांपैकी ज्यांची मुले या नोकऱ्यांत आहेत, त्यांनी आणखी एक बाब जाणून घ्यावी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत ‘कामगार’ या संज्ञेतून व्यवस्थापकीय काम करणारे, तसेच देखरेखीचे काम करणारे व महिना १८,००० रुपयांहून अधिक वेतन घेणारे वगळले आहेत. मात्र १९४७ च्या जुन्या कायद्याखाली न्यायालये हुद्द्याचे नाव पाहत नसत. माणूस प्रत्यक्षात काय काम करतो ते पाहत. नेमणूकपत्रावर ‘मॅनेजर’ लिहिले आहे, पण हाताखाली कोणी नाही आणि दिवसभर कोडच लिहावा लागतो, अशांची संख्या लहान नाही. राजीनाम्याच्या मसुद्यावर सही करण्याचा आग्रह होईल त्या दिवशी, सही करण्यापूर्वी, त्यांनी आपल्या प्रत्यक्ष कामाचे कागद एखाद्या वकिलास दाखवावेत.