आईच्या भाषेचा एक दिवस

जपानातल्या एखाद्या गावी दोन अमेरिकन तरुण सकाळी धुणे काढून बसलेले दिसतात. वय अवघे अठरा-वीस. हे मॉर्मन पंथाचे धर्मप्रचारक. एरवी अंगात पांढरा सदरा आणि छातीवर नावाची काळी पट्टी. पगार नाही, दोन वर्षांचा खर्च बहुधा पदरचा नाहीतर घरच्यांचा. आठवड्यातला हा एक दिवस, बहुधा सोमवार, धुण्याचा, बाजारहाटाचा आणि घरच्यांशी बोलण्याचा. २०१९ पूर्वी फोन वर्षातून दोनदाच, नाताळात व मातृदिनी. एरवी पत्रांवरच भागवायचे. आता दर आठवड्याला आईचा आवाज कानी पडतो.

बाकीचे दिवस परक्या भाषेचे. सकाळी धर्मग्रंथ आणि जपानीचा अभ्यास, मग जोडीने दारोदार, रविवारी उपासना. आपण मराठी माणसे 'तू, तुम्ही, आपण' यांतच अडखळतो. जपानीत तर समोरच्याच्या मानाप्रमाणे क्रियापदच बदलते! घरी ज्याची बडबड थांबत नसे, त्याला इथे दोन वाक्ये बोलताना घाम फुटतो.

१९०१ साली अल्मा टेलर हा १९ वर्षांचा मुलगा असाच योकोहामाला उतरला. पुढे त्याने आपल्या पंथाच्या ग्रंथाचा जपानी अनुवाद केला. तो १९०९ साली छापला गेला. पण त्याआधी इकुता चोको या जपानी साहित्यिकाने त्यावरून हात फिरवला होता.

त्यांचा धर्म आपल्याला पटो वा न पटो. मला मास्तराला मात्र एवढे पटते, की जो शिकवायला निघतो, त्याला आधी शिष्य व्हावे लागते.