घड्याळात ९८ दिसतंय, पण फुप्फुसात नेमकं काय चाललंय?

स्मार्टवॉचवर किंवा बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर एसपीओटू ९७-९८ दिसलं की आपण निवांत होतो. कोविडनंतर तर हा आकडा घरातल्या आजी-आजोबांनाही पाठ झालाय. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. त्यामुळे स्क्रीनवर आकडा दिसला की त्यामागे काय मोजलंय आणि काय मोजायचं राहिलंय, हे बघायची सवय लागली आहे. या आकड्याच्या बाबतीत ते प्रत्येकाला माहीत हवं, कारण एका परिस्थितीत तो पूर्णपणे फसवतो. आधी फुप्फुसात काय होतं ते समजून घेऊ, म्हणजे तो का फसवतो हे लगेच कळेल.

हवा पोचते कुठे?

श्वासनलिकेला दोन फाटे फुटतात, त्या प्रत्येकाला पुन्हा दोन, असं साधारण २३ वेळा होतं. शेवटच्या टोकांना असतात वायुकोश, म्हणजे हवेचे अगदी बारीक फुगे. दोन्ही फुप्फुसांत मिळून ते ३० ते ५० कोटी असतात. सगळे उलगडून पसरले तर सुमारे ७० चौरस मीटर जागा लागेल, म्हणजे एका आटोपशीर टू बीएचके फ्लॅटएवढी!

प्रत्येक वायुकोशाभोवती केशवाहिन्यांचं जाळं असतं. आतली हवा आणि बाहेरचं रक्त यांच्यामधला पडदा जेमतेम अर्धा मायक्रॉन जाड असतो. आपल्या डोक्याचा केस त्याच्या शंभरपट तरी जाड भरेल.

अदलाबदल कोण करतं?

ऑक्सिजन रक्तात ढकलायला इथे कुठलाही पंप नाही. वायू जास्त दाबाकडून कमी दाबाकडे आपोआप सरकतो, बस्स. यालाच विसरण म्हणतात. वायुकोशात ऑक्सिजनचा दाब सुमारे १०० मिलिमीटर पारा असतो आणि शरीरभर फिरून आलेल्या रक्तात ४०. म्हणून ऑक्सिजन रक्तात शिरतो. कार्बन डायऑक्साइडचा दाब रक्तात ४५ च्या आसपास आणि वायुकोशात ४० असतो, म्हणून तो बाहेर येतो. फरक फक्त ५ चा, पण हा वायू ऑक्सिजनपेक्षा साधारण २० पट सहज पडदा ओलांडतो, त्यामुळे तेवढा फरक पुरतो.

रक्तपेशी वायुकोशाजवळून साधारण पाऊण सेकंदात पुढे जाते आणि ऑक्सिजन भरायचं काम पहिल्या पाव सेकंदातच उरकतं. उरलेला वेळ राखीव. म्हणूनच धावताना रक्त वेगाने पळत असलं तरी निरोगी फुप्फुसाचं काम अडत नाही.

मग ९८ म्हणजे काय?

रक्तात ऑक्सिजन वाहून नेतं ते हिमोग्लोबिन. त्याला चार सीटची गाडी समजा. ९८ म्हणजे रक्तातल्या दर १०० सीटपैकी ९८ भरलेल्या आहेत.

ऑक्सिमीटर हे रंगावरून ओळखतो. तो लाल आणि इन्फ्रारेड असे दोन प्रकाश सोडतो. ऑक्सिजन घेतलेलं हिमोग्लोबिन लाल प्रकाश कमी शोषतं, रिकामं जास्त शोषतं. हाड, कातडी वगैरेचा अडथळा कसा वगळायचा? जपानचे इंजिनिअर ताकुओ आओयागी यांनी १९७० च्या दशकात युक्ती काढली: नाडीच्या ठोक्याबरोबर जेवढा प्रकाश कमी-जास्त होतो, तेवढाच धमनीतल्या रक्तामुळे. बाकीचं सोडून द्यायचं.

पण गाड्या एकूण किती आहेत, हे यातून कळत नाही. ॲनिमियात हिमोग्लोबिन कमी असलं तरी आकडा ९८ येऊ शकतो. कार्बन डायऑक्साइड नीट बाहेर पडतोय का, हेही कळत नाही. आणि सीटवर ऑक्सिजनच बसलाय का, याचीही खात्री नाही. खरा धोका इथेच आहे.

जिथे आकडा फसवतो

बंद बाथरूममध्ये गॅस गीझर सुरू आहे. हवा अपुरी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. सिलेंडर लीक झाला तर वास येतो, कारण तो वास मुद्दाम मिसळलेला असतो. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. तो हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट चिकटतो आणि सीट अडवून बसतो.

अशा वेळी जीव गुदमरायला हवा ना? बहुतेकदा तसं वाटतच नाही. श्वास घ्यायची तगमग मुख्यतः कार्बन डायऑक्साइड साचल्यामुळे होते आणि तो तर व्यवस्थित बाहेर पडत असतो. डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं आणि माणूस खाली कोसळतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन ऑक्सिमीटरला जवळपास ऑक्सिजनवाल्यासारखंच दिसतं. शरीर ऑक्सिजनला मुकलंय, तरी आकडा ९८!

म्हणून गॅस गीझर बाथरूमच्या बाहेर, हवा खेळती असेल तिथेच बसवा. अंघोळ करताना गरगरलं तर लगेच मोकळ्या हवेत या. कुणी आत बेशुद्ध दिसलं तर दार-खिडक्या उघडा, गॅस बंद करा, त्यांना बाहेर काढा आणि १०८ ला फोन करा. हॉस्पिटलमध्ये पोचल्यावर घरात गॅस गीझर सुरू होता हे आवर्जून सांगा, म्हणजे डॉक्टर रक्तातला कार्बन मोनॉक्साइड थेट तपासतील.

आणि हो, अशा वेळी घड्याळाकडे बघत बसू नका. घड्याळ फक्त रंग बघतं. त्रास होत असेल तर आकडा कितीही चांगला असो, डॉक्टर गाठा.