दुचाकीची टाकी घरी काढताना : गैरसमज आणि वस्तुस्थिती

पेट्रोल टाकी काढणे हे निव्वळ पान्याचे काम समजले जाते. 100-125 सीसीच्या बहुतेक गाड्यांत सीट काढून मागचा बोल्ट सोडला की टाकी मागे ओढून पुढच्या रबरांतून सुटते, हे खरेच. खरी कसोटी पेट्रोल सांभाळण्यात असते आणि बहुतेक चुकीच्या समजुती त्याविषयीच्याच आहेत.

सर्वांत घातक समजूत म्हणजे रिकामी टाकी निर्धोक असते. पेट घेते ती पेट्रोलची वाफ. हवेत ती साधारण दीड ते साडेसात टक्के मिसळलेली असली की ठिणगी पुरते, आणि उपसलेल्या टाकीत हवा शिरल्यावर नेमके असेच मिश्रण तयार होऊ शकते. गळकी टाकी नुसती उपसून वेल्डिंगला देणे त्यामुळेच जिवावर बेतते.

ही वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असल्याने फरशीलगत पसरते. जळगाव-धुळ्यात मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत चढतो, तेव्हा सावलीसाठी गाडी ओसरीत घेऊन कूलरसमोर काम चालते. कूलरच्या बटणाची ठिणगी किंवा पलीकडची पेटती शेगडी मग पुरेशी ठरते. त्यापेक्षा सकाळच्या गारव्यात उघडे अंगण बरे.

उन्हाने भरलेली टाकी फुटते, हा दर उन्हाळ्यात फिरणारा संदेश मात्र निराधार आहे. ठिणगीशिवाय पेटायला पेट्रोलला सुमारे अडीचशे अंश किंवा त्याहून अधिक तापमान लागते. तापून ते फुगते एवढे खरे : 20 अंशांच्या वाढीने 10 लिटरमागे जवळपास 200 मिलिलिटर. काठोकाठ भरलेली टाकी उतरवून उन्हात ठेवली, तर झाकणातून पेट्रोल पाझरते.

कॉक बंद केला म्हणजे पेट्रोल थांबले, असेही मानले जाते. पाइपात आणि कार्ब्युरेटरच्या वाटीत ते उरतेच. जुना कॉक तर बंद असूनही ठिबकतो. 1 एप्रिल 2020 पासूनच्या बीएस-6 गाड्यांपैकी बहुतेकांत कॉकच नाही. तिथे टाकीतला पंप पेट्रोल सुमारे तीन बार दाबाने पाठवतो आणि इंजिन बंद केल्यावरही पाइपात दाब राहतो. अशा गाडीचा पाइप थेट ओढला, तर पेट्रोलची चिळकांडी तोंडावर येते. आधी पंपाचा कपलर काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे, मग बॅटरीची निगेटिव्ह तार सोडावी आणि पाइपाच्या जोडावर फडके धरून तो सोडवावा.

टाकी बसवताना उरलेले रबर ‘जास्तीचे’ कधीच नसते. ते वगळल्यास धक्क्यांनी टाकीच्या पट्टीला तडा जातो. खाली वायर चेमटणार नाही, पाइप मुडपणार नाही, हेही पाहावे लागते.

पेट्रोलच्या आगीवर पाणी ओतल्यास पेट्रोल पाण्यावर तरंगून आग पसरवते. काम सुरू करण्यापूर्वी कोरड्या वाळूची बादली किंवा ड्राय पावडरचे सिलिंडर हाताशी हवे.