सेल्फ बदलण्याआधी अर्थ पाहा

गळीत हंगामात भरलेल्या ट्रॉल्यांसह ट्रॅक्टर फडातच अडला, की खेप बुडते आणि तोडलेला ऊस वाळून वजन घटते. अशा घाईत "सेल्फ गेला, नवा टाका" असे कोणी म्हणताच सभासद बंधूंनी पैसे काढू नयेत, असे आम्हांस वाटते.

प्रथम दिवे लावून किल्ली फिरवा. दिवे लख्खच राहिले, तर सेल्फपर्यंत करंट पोचत नसावा. किल्ली, फ्यूज, सोलेनॉइड पाहा. एकदम मंदावले, तर बहुधा बॅटरी उतरलेली किंवा टर्मिनल सैल. भरलेली 12 व्होल्टची बॅटरी मीटरवर 12.6 च्या आसपास दाखवते.

बॅटरी चांगली, तरी सेल्फ कण्हतो? मग गिअर न्यूट्रल करून, हँडब्रेक ओढून, मीटरची एक काडी बॅटरीच्या मायनसवर, दुसरी इंजिनच्या स्वच्छ लोखंडावर धरा व जोडीदारास सेल्फ मारू द्या. अर्ध्या व्होल्टहून जास्त आकडा आला, तर दोष अर्थच्या पट्टीत! तिच्या बोल्टाखाली चिखल नि गंज साचतो, हे कोणी बघतच नाही. पॉलिश पेपरने घासून घट्ट आवळा. काम करताना मायनसची वायर आधी सोडावी, जोडताना ती शेवटी. एवढे करूनही सेल्फ फिरेना, तर मात्र तो खुशाल उतरवावा.