समुद्रतळींचें सोनें

पहिलें महायुद्ध संपलें तेव्हां जर्मनीच्या डोक्यावर नुकसानभरपाईचा डोंगर येऊन बसला होता. हवेंतील नायट्रोजनापासून अमोनिया करणारा जगविख्यात रसायनशास्त्रज्ञ फ्रिट्झ हाबर ह्यानें मनाशीं हिशेब मांडला कीं, समुद्राच्या पाण्यांत सोनें विरघळलेलें आहे. तें वेगळें काढतां आलें तर देशाचें देणें फिटेल. १९२० नंतरचीं कांहीं वर्षें त्यानें ह्याच नादांत घालविलीं. निष्पन्न काय झालें? अपेक्षेच्या हजाराव्या हिश्श्याइतकें सोनें! आपल्या पूर्वजांनीं समुद्राला रत्नाकर म्हटलें खरें, पण घुसळण्याचा खर्च देवदानवांनाच परवडला.

हाबरनें सोनें पाण्यांत शोधलें. तें सांचलें होतें तळाशीं.

१९७७ सालीं पॅसिफिक महासागरांत गॅलापागोस बेटांजवळ ‘आल्विन’ नांवाच्या पाणबुडींतून शास्त्रज्ञ सुमारें अडीच हजार मीटर खोल उतरले, तों तळाच्या भेगांतून ऊन पाण्याचे झरे वाहतांना त्यांस दिसले. दोन वर्षांनीं मेक्सिकोच्या किनाऱ्यापलीकडे त्याहून मोठें नवल आढळलें. दगडी धुराड्यांतून काळेकुट्ट लोट उसळत होते आणि त्यांचें उष्णतामान ३५० अंश सेंटिग्रेडच्या घरांत होतें! इतक्या तापलेल्या पाण्याची वाफ कां होत नाहीं, असें कोणी विचारील. वर पाण्याचा एवढा प्रचंड दाब असतो कीं, वाफेला पसरावयास वावच मिळत नाहीं.

हा धूर म्हणजे वस्तुतः धूर नव्हेच. समुद्रतळ जेथें दुभंगतो तेथें थंड पाणी भेगांतून खोल झिरपतें, खालच्या शिलारसाच्या सान्निध्यानें तापतें, आम्लधर्मी होतें आणि वाटेंतल्या खडकांतून तांबें, जस्त, लोखंड व थोडेंसें सोनें-रुपें ओढून घेतें. सोनें मोठें मानी. साध्या पाण्यांत तें सहसा विरघळत नाहीं, गंधकाचा हात धरूनच प्रवास करतें. हें पाणी वर येऊन दोन अंशांच्या गार समुद्रांत मिसळलें कीं धातूंचे गंधकयुक्त कण तत्काळ गोठून बाहेर पडतात. पाक निवतांच कढईच्या कडेला साखर खडे धरते, हें ज्या गृहिणीनें पाहिलें आहे तिला ह्यांत अवघड असें कांहीं वाटणार नाहीं. तांबें उष्ण गाभ्याजवळ राहतें. सोनें-रुपें बहुधा जस्ताच्या सोबतीनें बाहेरच्या निवलेल्या थरांत बसतें. पुढें नवे झरे जुन्या राशींतून वाहूं लागले कीं आंतलें सोनें उचलून पृष्ठभागाकडे आणतात. सोनाराची मूसच ती, फक्त हजारों वर्षें पेटलेली. सायप्रस बेटावरच्या तांब्याच्या प्राचीन खाणीही अशाच वर उचलल्या गेलेल्या समुद्रतळावरील आहेत.

आतां लोभाची कथा. पापुआ न्यू गिनीजवळ, न्यू आयर्लंड बेटापासून सुमारें ३० किलोमीटरवर, १६०० मीटर खोल ‘सोलवारा १’ नांवाची रास आहे. तेथील बोलींत सोलवारा म्हणजे खारें पाणी. राशींत तांबें शेंकडा सातांच्या आसपास. जमिनीवरच्या खाणींत पुष्कळदां शेंकडा एकही मिळत नाहीं. सोनें टनामागें पांच-सहा ग्रॅम, म्हणजे सुमारें अर्धा तोळा. २०११ सालीं नॉटिलस मिनरल्स ह्या कंपनीनें खाणपट्टा मिळविला. तळ फोडणारीं तीन अजस्र यंत्रें इंग्लंडांत घडलीं. जहाज चीनमध्यें बांधावयास घेतलें. त्या किनाऱ्यावरचे कोळी करवंट्यांचा खुळखुळा पाण्यांत वाजवून शार्क माशांना साद घालतात. त्यांच्या समुद्राचें काय होणार, हा प्रश्न किनाऱ्यावरून उठला. अखेर पैसाच आटला, आणि २०१९ सालीं कंपनी बुडाली. गरीब देशाच्या सरकारचे सुमारें बारा कोटी डॉलर तिच्याबरोबर गेले. सोनें होतें तेथेंच आहे.

आपलाही ह्या प्रकरणाशीं संबंध आहे. २०१६ सालीं भारतानें आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाशीं करार करून हिंदी महासागरांत दहा हजार चौरस किलोमीटरांत शोधाचा हक्क मिळविला. खोदण्याचा नव्हे, हें लक्षांत ठेवावें. गोव्यांत वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र ह्या कामांत अग्रेसर आहे. डिसेंबर २०२४ मध्यें भारतीय शास्त्रज्ञांनीं सुमारें साडेचार हजार मीटर खोल असलेल्या जिवंत झऱ्याचें छायाचित्र मिळविलें.

शोध अवश्य घ्यावा, असें माझें मत आहे. मात्र जिवंत झऱ्यांवर हात टाकूं नये. विझलेल्या राशी आहेत, त्यांचा विचार करावा. पण त्यांतून लोट निघत नसल्यानें त्या सांपडणें अधिक कठीण. जिवंत झऱ्यांची वस्ती मात्र विलक्षण असते. ह्याच हिंदी महासागरांत २००१ सालीं एक गोगलगाय सांपडली. तिच्या पायावर खवल्यांचें चिलखत असतें आणि त्या खवल्यांत लोह व गंधक असतो. २०१९ सालीं तिचें नांव धोक्यांत आलेल्या प्राण्यांच्या जागतिक यादींत चढलें, तेंही समुद्रतळ खोदला जाईल ह्या भयामुळें. खाण अद्याप एकही सुरू झालेली नव्हती.